करुणा आणि उतरंड
मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांची 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' (१९८४) ही कादंबरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातल्या जादूवर बेतलेली आहे. तिच्यातला रोगट जादूगार रेस्टलिन चाहत्यांचा लाडका. घाणीत राहणाऱ्या 'गली ड्वार्फ' जमातीतल्या बुपूवर तो मोहिनी टाकतो, पुढे मायेने वागतो, चाहते गहिवरतात. बुपूची जादू म्हणजे मेलेला उंदीर. तिथे ते हसतात.

घरातला पहिला पदवीधर असलेला मी हसू शकत नाही. या जमातीला दोनच्या पुढे मोजता येत नाही, हे ठरवले कोणी? रेस्टलिनची जादू अभ्यासाने येते. बुपूचे अडाणीपण जन्माने. ही करुणा एकटीला गोंजारते, उतरंडीला हात लावत नाही. २०२४ च्या नियमपुस्तकाने क्षमतांची वाढ वंशापासून तोडून पार्श्वभूमीशी जोडली. खेळाला जमले ते चाहत्यांच्या वाचनाला का जमू नये?