उचल वहीत का येत नाही? समाजकार्याचं शिक्षण आणि क्षेत्रकार्याचा अहवाल

समाजकार्याचं विद्यापीठीय शिक्षण हा विषय एका व्याख्यानात मावणारा नाही. म्हणून आज आपण त्यातली एकच वस्तू हातात घेऊ: क्षेत्रकार्याची वही. बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू केलेल्यांना ती चांगलीच आठवत असेल. आठवड्यातले साधारण दोन दिवस वस्तीत, शाळेत, इस्पितळात किंवा एखाद्या संस्थेत जायचं, परत येऊन अहवाल लिहायचा, मग सुपरवायझरचा लाल शेरा. वर्गातल्या सिद्धान्तांपेक्षा ही वहीच विद्यार्थ्याला जास्त घडवते, असं आम्हाला वाटतं. तेव्हा एखाद्या पुस्तकाची करावी तशी तिची समीक्षा करायला काय हरकत आहे?

या वहीची स्वतःची एक भाषा आहे. समजा, बीड जिल्ह्यातली एक शाळा. सहावीतला मुलगा दिवाळीनंतर शाळेत आलेलाच नाही. विद्यार्थी त्याच्या घरी जातो, घरात फक्त आजी. वहीत नोंद होते ती अशा धर्तीची: ‘सेवार्थीची हजेरी अनियमित. पालकांमध्ये शिक्षणाविषयी जागृतीचा अभाव. गृहभेट देऊन आजीचे समुपदेशन केले.’ साचा बरोबर, भाषा शुद्ध, गुणही मिळतात.

आता त्या घरात काय घडलंय ते बघा. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे. कुणाच्या लग्नाला, कुणाच्या दवाखान्याला, किंवा नुसतं पावसाळ्यात घर चालवायला. त्या उचलीपोटी दोघांनी मिळून एक कोयता भरला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, बाईची मजुरी वेगळी मोजत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी गाव सोडते, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते आणि पाडव्याच्या आसपास परत येते. मुलगा बरोबर गेला, कारण आईबाप फडात असताना कोपीवर धाकट्या बहिणीला कोण सांभाळणार? हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी तोच मुकादम, तीच टोळी.

यातला ‘उचल’ हा एक शब्द वहीत आला असता, तर सगळी नोंद बदलली असती. तो येत नाही, कारण अहवालाच्या साच्यात त्याला रकानाच नाही. ‘जागृतीचा अभाव’ याला आहे. ज्यांना पहाटे चारला उठून फडात जावं लागतं, त्यांच्या जागृतीची काळजी आपण करतो!

आणखी एक गोष्ट. ही नोंद लिहिणारा विद्यार्थी आता पुष्कळदा त्याच घरातून आलेला असतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या, म्हणजे टिसच्या, विद्यार्थ्यांनी संप केला. प्रश्न होता अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्तिधारकांच्या शुल्कसवलतीचा. ज्यांना पूर्वी फक्त ‘सेवार्थी’ म्हणून वहीत जागा होती, त्यांची मुलं आज वही लिहितात, हे त्या संपानं सगळ्यांना दिसलं. पण या मुलालाही आपण त्याच्याच आईविषयी ‘जागृतीचा अभाव’ लिहायला शिकवतो. उचल म्हणजे काय हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. अहवाल लिहिताना मात्र ते विसरायचं, कारण ते ‘वस्तुनिष्ठ’ नाही.

हा साचा आला कुठून? व्यक्तिसहाय्य कार्याची पद्धत घडवली अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी. त्यांचं ‘सोशल डायग्नोसिस’ १९१७ चं. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावानं समाजकार्याची शाळा सुरू झाली, तीच पुढे टिस झाली. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी. पद्धती तिकडून आल्या, आणि त्यात गैर काही नाही. रिचमंडबाईंवर सगळं खापर फोडणंही खरं नाही. माणसाची अडचण समजायला शेजारी, मालक, शाळा, दवाखाना अशी चहूकडून माहिती गोळा करा, असं त्या बजावतात. आपण त्यांचा तक्ता घेतला, चिकाटी सोडली. शिकागोच्या हल हाउसमधल्या बायकांनी तर १८९५ मध्ये आपल्या वस्तीतल्या घराघरांतल्या मजुरीचे रंगीत नकाशेच छापले. मॅनशार्ट यांचं नागपाड्याचं नेबरहूड हाउस याच परंपरेतलं. म्हणजे उसनवारीच करायची होती, तर मजुरीचा रकानासुद्धा तिथे तयार होता.

आता घरचं बघू. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला निवेदन दिलं. आपल्याकडे ते शिकवतात ‘समाजसुधारणेचा इतिहास’ या पेपरात, पाच गुणांच्या टिपेपुरतं. आमचं म्हणणं असं की ते क्षेत्रकार्याचा अहवाल म्हणून वाचा. सुरुवातीला लिहिणारा स्वतः कोण, हे सांगतो: मुलींची शाळा काढली, पत्नीसह ती चालवली, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली. सहीखाली व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी ओळख. म्हणजे मी कुठे उभा राहून बोलतोय ते आधी स्पष्ट. मग पैशाचा हिशेब: सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. मग मागण्या: बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या, त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नको, अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध, हिशेब, शेतीची माहिती हवी. शेतकऱ्याचं पोर शाळेत का येत नाही, हाच प्रश्न तिथेही आहे. पण पालकांचं समुपदेशन करा असं फुले आयोगाला सांगत नाहीत. पैसा कुठे जातो ते दाखवतात.

विठ्ठल रामजी शिंद्यांचंही तसंच. १९०६ मध्ये मिशन काढून शाळा-वसतिगृहं चालवलेला माणूस १९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा संशोधनग्रंथ प्रसिद्ध करतो. क्षेत्रकार्य आधी, सिद्धान्त त्यातून. हे आपण पद्धतीच्या पेपरात का ठेवत नाही? समाजकार्याच्या जागतिक व्याख्येत २०१४ पासून स्थानिक ज्ञानाचा उल्लेख आहे. आपल्याकडे ती व्याख्या पाठ करून घेतात, फुले मात्र राहतात त्याच पाच गुणांत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. विद्यार्थ्यानं वहीत जाहीरनामा लिहायचा का? व्यवस्था, शोषण असे शब्द फेकले की समोरच्या आजीचं ऐकायची गरजच उरत नाही, अशाही वह्या निघतात. हे खरं आहे. ‘भांडवलशाहीमुळे हजेरी अनियमित’ ही नोंद ‘जागृतीचा अभाव’ इतकीच आळशी. म्हणूनच प्रोसेस रेकॉर्डिंगची जुनी शिस्त, म्हणजे समोरचा माणूस काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहिणं, आम्हाला फार मोलाची वाटते. आजीनं ‘उचल’ म्हटलं असेल तर ‘उचल’ लिहा. त्याचं ‘आर्थिक अडचण’ करू नका. किती उचल, कुणाकडून, किती फिटली, ते विचारा. जाहीरनाम्याला एवढे आकडे लागत नाहीत, अहवालाला लागतात.

अशी नोंद आली की पुढची कामंही बदलतात. आजीला समजावण्याऐवजी गावात हंगामी वसतिगृह चालू आहे का, मुलाचं नाव तिथे का नाही, कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेतात का, हे विचारावं लागतं. त्यासाठी मुख्याध्यापकांकडे जावं लागेल, पंचायत समितीत जावं लागेल, मुकादमाशी बोलावं लागेल. दोन दिवसांच्या क्षेत्रकार्यात हे बसत नाही, अशी तक्रार सुपरवायझर मंडळी करतील. मग दिवस वाढवा, अहवालांची संख्या कमी करा. वर्षाला चाळीस अहवाल तपासून घेण्यापेक्षा एका घराचा ऑक्टोबर ते एप्रिल असा एकच अहवाल लिहून घ्या. आणि गुण देण्याआधी तो त्या घरात वाचून दाखवायला सांगा. आजी ऐकेल, आणि चुकलं असेल तिथे थांबवेल.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.