काल्पनिक सवंगड्याची व्याख्या आणि ऊसतोड कुटुंबातील बालक : एक चिकित्सा

बालमानसशास्त्रात ‘काल्पनिक सवंगडी’ ही संकल्पना आता रूढ झाली आहे. साधारणतः तीन ते सात या वयात मूल न दिसणाऱ्या मित्राला नाव देते, त्याच्याशी बोलते, रुसते, त्याच्यासाठी ताटात घास राखून ठेवते. पूर्वी हे एकलकोंडेपणाचे किंवा मनोविकृतीचे लक्षण मानले जाई. आज ते निरोगी वाढीचे अंग मानले जाते. हा बदल स्वागतार्हच आहे. मात्र ज्या व्याख्येच्या आधारे असे सवंगडी मोजले गेले, ती कोणत्या घरातील मुलाला समोर ठेवून सिद्ध झाली, हा प्रश्न बीडसारख्या जिल्ह्यात टाळता येत नाही.

मार्गारेट स्वेनसेन यांनी १९३४ मध्ये केलेली व्याख्या दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. सवंगडी अदृश्य असावा, त्याला नाव असावे, मुलाने इतरांशी बोलताना त्याचा उल्लेख करावा आणि हा संबंध काही महिने टिकावा, अशा तिच्या अटी होत्या. एखाद्या वस्तूला सजीव मानून केलेला खेळ तिने वगळला. मार्जोरी टेलर यांनी ही चौकट सैल केली. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या २००४ मधील अमेरिकी अभ्यासात बाहुल्या व कापडी प्राणीही सवंगडी म्हणून धरले गेले आणि सातव्या वर्षापर्यंत सुमारे ६५ टक्के मुलांनी कधी ना कधी असा सोबती निर्माण केल्याचे आढळले. व्याख्या बदलताच मुलांची संख्याही बदलते, ही गोष्ट या आकड्याच्या कौतुकात मागे पडते.

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. शाळेच्या वयाचे मूल आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकते; संत भगवानबाबा यांच्या नावाने २०२१ मध्ये सुरू झालेली शासकीय वसतिगृह योजनाही शाळकरी मुलांसाठीच आहे. पण त्याहून लहान मूल बहुधा आईबरोबर कोपीवर जाते, आणि काल्पनिक सवंगड्याचे वय नेमके तेच आहे. पहाटे अंधारात आईवडील फडात शिरतात. मूल बांधावर, नाहीतर कोपीच्या दाराशी असते. तेथे विकतचे खेळणे क्वचितच. उसाच्या कांडीचा बैल होतो, वाढ्याच्या पेंढीचे घर होते, चिंधी गुंडाळली की बाहुली. स्वेनसेन यांच्या अटी लावल्यास हा सारा संसार अभ्यासाबाहेर जातो. टेलर यांच्या लावल्यास तो आत येऊ शकतो, पण तेथेही ‘काही महिने टिकणे’ हा निकष अडखळतो. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर सरकते तेव्हा कांडीचा बैल मागेच राहतो. नव्या जागी नव्या कांडीला मूल तेच नाव देत असेल, तर सवंगडी एक मानायचा की दोन?

थोरल्या मुलीची स्थिती याहून वेगळी आहे. पहिल्या अपत्यात व एकुलत्या एक मुलांत असे सवंगडी अधिक आढळतात, असे पाश्चात्य अभ्यास सांगतात आणि त्याचे कारण रिकामा वेळ व एकांत असे देतात. कोपीवरील थोरलीच्या कडेवर पाच-सहा वर्षांची असतानाच खरे भावंड असते. तिच्या खेळाची आणि कामाची सीमा कोठे आखायची, याचे उत्तर प्रचलित प्रश्नावलीत नाही.

दुसरा दोष माहिती देणाऱ्याविषयीचा. लहान मुलांच्या सवंगड्यांची माहिती पुष्कळदा पालकांकडून घेतली जाते. दिवसभर मोळ्या बांधून परतलेल्या आईने मुलाची बडबड ऐकलेलीच नसेल, तर तिचे ‘नाही’ हे उत्तर मुलाविषयी काहीच सांगत नाही. शिवाय ऐकलेल्या बडबडीला घर कोणता अर्थ देते, हेही महत्त्वाचे. अँटोनिया मिल्स यांनी २००३ मध्ये पाश्चात्य मुलांचे काल्पनिक सवंगडी आणि भारतात पूर्वजन्म आठवत असल्याचे सांगितले जाणारी मुले यांची तुलना करून हाच प्रश्न उपस्थित केला. एका समाजात जी कल्पना ठरते, ती दुसऱ्यात आठवण ठरू शकते. आणखी कोठे तिला बाधाही म्हटले जाईल.

सिद्धान्तांपैकी येथे व्हिगॉट्स्की अधिक उपयोगी पडतो. पियाजे यांनी स्वतःच्या मुलीच्या कल्पित प्राण्याची बारकाईने नोंद ठेवली. पण तशी नोंद ठेवण्यास घरात निवांत वडील लागतात. १९३३ च्या व्याख्यानात व्हिगॉट्स्कीने काठीच्या घोड्याचे उदाहरण घेतले. लगेच पुरी न होणारी इच्छा खेळात पुरी होते आणि त्यासाठी मुलाला एखाद्या वस्तूचा टेकू लागतो, हे त्याचे प्रतिपादन. उसाच्या कांडीला ते जसेच्या तसे लागू पडते.

मराठी परंपरेतही आधार आहे. माँटेसरींना लहान वयातील अद्भुतरम्य कल्पनेविषयी संशय होता. त्यांच्या पद्धतीचा स्वीकार करूनही गिजुभाई बधेका यांनी गोष्टीला मानाचे स्थान दिले. भावनगरला गिजुभाईंसह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात पुढचे पाऊल टाकले : अंगणवाडी मुलांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जेथे आहे तेथे शिक्षणाने जावे, हा त्यामागील विचार. साखरशाळा त्याच वाटेने निघाल्या होत्या. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा अमलात आल्यावर भर गावातील शाळेवर व वसतिगृहावर आला. शाळकरी मुलांच्या दृष्टीने त्याचे समर्थन करता येईल. बांधावरच्या चार वर्षांच्या मुलाला मात्र त्याचा उपयोग नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी टोळ्या परततात आणि ही मुले गावच्या अंगणवाडीत पुन्हा दिसू लागतात. तेव्हा वजन-उंचीची नोंद होते. त्याच वेळी ‘तिकडे तू कोणाशी खेळत होतास?’ एवढे मुलालाच विचारून त्याचे उत्तर त्याच्या बोलीत लिहून घेता येईल. केज, धारूर, पाटोदा येथील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना या कामासाठी परदेशी प्रश्नावलीचे भाषांतर करण्याची गरज नाही. त्यांच्यापैकी काहींचे बालपण त्याच कोप्यांवर गेलेले आहे.