‘यी चिंग’मधील अनुवर्तन : काही प्रश्न

‘यी चिंग’ या प्राचीन चिनी शकुनग्रंथाचे सार ‘प्रवाहाला शरण जाणे’ असे सांगण्याची प्रथा आता जुनी झाली आहे. रिचर्ड विल्हेल्मचे जर्मन भाषांतर (१९२४) आणि त्याच्या इंग्रजी रूपाला (१९५०) जोडलेली युंगची प्रस्तावना यांच्या आधारे तो पुष्कळदा मनःशांतीचा ग्रंथ म्हणून वाचला गेला. या वाचनात अनुवर्तन आणि प्रवाहपतितता यांतील भेद पुसला जातो. मराठीत तर ‘प्रवाहपतित’ हा शब्द निंदाव्यंजकच आहे.

संहितेतील ६४ षड्रेखाकृतींपैकी दुसरी ‘कुन’ ही ग्रहणशीलतेची आकृती. तिच्या सहाही रेषा खंडित. परंतु तिचे प्रतीक घोडी आहे : मृदू, आणि तरीही अथक दूरवर चालणारी. पहिल्या रेषेत पायाखालच्या दहिवरावरून येणाऱ्या घट्ट बर्फाची चाहूल घेतली जाते. शेवटच्या रेषेत थेट व्याघ्रमुखी नव्हे, तर नागसदृश ड्रॅगनांचे रक्तरंजित युद्ध येते. नमते घेण्याची परिसीमा संघर्षात होते, हे संहिताच सुचविते.

तिसऱ्या शतकातील भाष्यकार वांग बी याने आकृती म्हणजे एक विशिष्ट ‘काळ’ आणि रेषा म्हणजे त्या काळास अनुरूप असे परिवर्तन, अशी मांडणी केली. ती स्वीकारली की अनुवर्तनाचा आशय बदलतो. ४९ व्या ‘क’ या आकृतीवरील प्राचीन टीकेत तर थांग आणि वू यांनी केलेली सत्तांतरे ऋतुबदलाच्या पंक्तीला बसविली आहेत. म्हणजे बंडही कालानुसारीच! मात्र काळ परिपक्व झाला, हे ठरविणार कोण? वू हा चौ घराण्याचा, आणि ग्रंथाचे जुने नावही ‘चौ यी’. विजेत्याने स्वतःच्या विजयास निसर्गक्रमाचे नाव द्यावे, ही शंका येथे अपरिहार्य ठरते. अनुवर्तनाच्या गौरवकारांनी तिची फारशी दखल घेतलेली नाही.

१९७३ मध्ये मावांगत्वे येथे सापडलेल्या रेशमी हस्तलिखितात ‘कुन’च्या जागी नदीवाचक अक्षर आहे. प्रवाहवाद्यांना याचा आनंद व्हावा. पण तेथे आकृत्यांचा क्रमही निराळा असून ही आकृती दुसरी नव्हे, ३३ वी आहे.