घामाचा हिशेब

आत आलेली ऊर्जा वजा खर्च झालेली ऊर्जा, उरली ती चरबी. हे समीकरण आपण फळ्यावर मांडतो आणि त्यात चूक काही नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. एक किलो शारीरिक चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. (आहाराच्या तक्त्यातली ‘कॅलरी’ ही प्रत्यक्षात किलोकॅलरी असते, हे मुलांना एकदा सांगून टाकावे.) म्हणजे रोज ५०० किलोकॅलरींची तूट ठेवली की पंधरा दिवसांत एक किलो आणि वर्षात जवळजवळ चोवीस किलो वजन कमी! हे त्रैराशिक असेच पुढे ओढले तर सत्तर किलोचा माणूस तीन वर्षांत नाहीसा व्हायला हवा. तो होत नाही. वजन घटते तसा देहाचा रोजचा खर्चही घटतो आणि तूट आपोआप लहान होत जाते.

हर्मन पाँट्झर या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाचे ‘बर्न’ हे इंग्रजी पुस्तक २०२१ साली प्रसिद्ध झाले. या हिशेबाची खर्चाची बाजूच ते नव्याने तपासते. उत्तर टांझानियात इयासी सरोवराच्या परिसरात हाड्झा लोक आजही शिकार करून, कंदमुळे व मध गोळा करून राहतात. त्यांचे पुरुष दिवसाला सुमारे ११ किलोमीटर चालतात, बायका सुमारे ६. मग त्यांचा ऊर्जाखर्च शहरी माणसापेक्षा किती जास्त असेल? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापाचे उत्तर होते: शरीराचा आकार हिशेबात घेतला, तर मुळीच जास्त नाही.

हे मोजले कसे, हा पुस्तकातला सर्वांत वाचनीय भाग. माणसाला जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले थोडे पाणी पाजायचे. हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो फक्त पाण्यावाटे. ऑक्सिजन मात्र पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. काही दिवस लघवीचे नमुने तपासून दोन्ही किती वेगाने कमी होतात ते पाहिले, की त्यातल्या फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला, म्हणजेच किती इंधन जळले, ते कळते. माणूस मोकळा हिंडतो, तोंडाला नळी नाही की मुखवटा नाही. अकरावीच्या वर्गात समस्थानिके शिकवताना इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

यावरून लेखकाचा निष्कर्ष असा की शरीराचा एकूण खर्च ठराविक मर्यादेत राहतो. श्रम वाढले की शरीर दुसरीकडे काटकसर करते. इथे सावध राहायला हवे. हाड्झांच्या पाहणीत जेमतेम तीस प्रौढ माणसे होती. शिवाय दोन वेगवेगळ्या समाजांची तुलना करणे ही एक गोष्ट, आणि तोच माणूस व्यायाम करू लागल्यावर काय होते हे पाहणे ही दुसरी. पुस्तकाच्या ओघात ही सीमा पुसट होते. २०२१ मध्येच १,७५४ प्रौढांच्या नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात (पाँट्झर त्याचे सहलेखक आहेत) ही काटकसर सरासरी २८ टक्के निघाली. म्हणजे वाढीव श्रमाची ७२ टक्के ऊर्जा खरोखरच खर्च होते. याला ताठर मर्यादा कसे म्हणायचे? शरीर थोडी सूट घेते, इतकेच.

मुखपृष्ठावरचे उपशीर्षक मात्र वजन-घटीचे गुपित उघडल्याचा आव आणते. प्रकाशकांचा धंदा, दुसरे काय! आतला मजकूर त्याहून बराच संयमी आहे. वजन उतरवायचे काम मुख्यतः ताटातून होते. व्यायाम हवा तो हृदयासाठी, रक्तातल्या साखरेसाठी आणि उतरलेले वजन पुन्हा चढू नये म्हणून, असे लेखक सांगतात. साध्या हिशेबानेही ते पटते. साठ किलोच्या माणसाला अर्धा तास झपझप चालून सुमारे शंभर किलोकॅलरी खर्च करता येतात. एक वडापाव ते सगळे फेडून वर बरेच देतो.

एक अडचण उरतेच. शरीर जी ऊर्जा वाचवते, ती नेमकी कुठून? दाह, ताणाला मिळणारा प्रतिसाद आणि प्रजननाची संप्रेरके यांवरचा खर्च कमी होत असावा, असे लेखक सुचवतात. कल्पना आकर्षक आहे, पण पुस्तक ती जितक्या खात्रीने मांडते तितका पुरावा जमलेला नाही. वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पुढे करून हा प्रश्न विचारणारच. तेव्हा पुस्तकातले हे प्रकरण त्याच्याच हाती द्यावे आणि वाचवलेल्या किलोकॅलरींची बेरीज करून दाखवायला सांगावे.