१३० हा आकडा कोणत्या कुत्र्याचा?

पेपर कसा वाचायचा यावर भरपूर लिहिलं जातं, पण मानकं कशी वाचायची यावर फार कमी. खरं तर मानकातला आकडा आपण सगळ्यात बिनधास्त उचलतो. प्रस्तावात टाकतो, संदर्भ देतो आणि पुढे जातो. म्हणून आज एक मानकच घेऊ: अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं २००६ साली आलेलं 'न्यूट्रिअंट रिक्वायरमेंट्स ऑफ डॉग्ज अँड कॅट्स'. (यापुढे नुसतं 'एनआरसी' म्हणतो.) प्रश्न साधा आहे. हे पुस्तक समोर ठेवून मुंबईतल्या किंवा कोकणातल्या, म्हणजे उष्ण आणि दमट हवेतल्या कुत्र्या-मांजरांना नीट खायला घालता येईल का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुस्तक उत्तम आहे, पण ते अर्ध्या प्रश्नाचं उत्तर देतं. प्राण्याच्या शरीराला काय लागतं, हे त्यात आहे. ते अन्न गोणीतून भांड्यापर्यंत येताना काय होतं, हा उरलेला अर्धा प्रश्न. आपल्याकडच्या हवेत हाच अर्धा भाग जास्त महागात पडतो.

आधी पुस्तकाचं श्रेय

एनआरसीच्या आधीच्या आवृत्त्या कुत्र्यांसाठी १९८५ आणि मांजरांसाठी १९८६ सालच्या. २००६ च्या आवृत्तीत दोन्ही प्राणी एकत्र आले. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक पोषकद्रव्यासाठी एकच आकडा दिलेला नाही. किमान गरज, पुरेसं सेवन, शिफारस केलेलं प्रमाण आणि सुरक्षित कमाल मर्यादा असे चार वेगळे रकाने आहेत. जिथे माहिती नाही तिथे रकाना रिकामा ठेवलाय. तुमच्यापैकी कोणी पुढे समीक्षालेख लिहिणार असेल, तर हे रिकामे रकाने आधी बघा. 'आम्हाला माहीत नाही' हे तक्त्यात कसं मांडायचं, याचा तो चांगला नमुना आहे.

आता ऊर्जेच्या गरजेकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त उचललं जाणारं सूत्र तिथलं आहे. प्रौढ कुत्र्याची रोजची गरज = १३० × वजनाचा ०.७५ वा घात, किलोकॅलरीत. हे सूत्र जिकडेतिकडे दिसतं. पण तक्त्यात त्या ओळीवर काय लिहिलंय? प्रयोगशाळेत ठेवलेली प्रौढ कुत्री, किंवा भरपूर हालचाल असलेली पाळीव कुत्री. त्याच तक्त्यात फारशी हालचाल नसलेल्या पाळीव कुत्र्यासाठी आकडा ९५ आहे. न्यूफाउंडलँडसाठी १०५, टेरिअरसाठी १८०, ग्रेट डेनसाठी २००.

१५ किलोचं कुत्रं घ्या. १५ चा ०.७५ वा घात साधारण ७.६ येतो. १३० ने गुणलं तर सुमारे ९९० किलोकॅलरी, ९५ ने गुणलं तर ७२५ च्या आसपास. फरक २६५ किलोकॅलरींचा. १०० ग्रॅममध्ये ३६० किलोकॅलरी असलेलं कोरडं खाद्य धरलं, तर रोज सुमारे ७५ ग्रॅम जादा. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारं, मे महिन्यात सकाळी दहा मिनिटं आणि रात्री दहा मिनिटं खाली उतरणारं कुत्रं यातलं कोणतं, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि लठ्ठ कुत्र्याला उन्हाळा जास्त बाधतो, कारण चरबीचा थर शरीरातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे इथे चुकीची ओळ निवडली की ती चूक थेट उष्माघाताच्या धोक्याशी जोडली जाते.

यात पुस्तकाचा दोष नाही. दोष ओळीचं शीर्षक सोडून नुसता आकडा उचलणाऱ्यांचा. लक्षात ठेवायचं ते इतकंच: घातांक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बऱ्यापैकी नेता येतो, गुणक नेता येत नाही. गुणकात त्या प्राण्याचं राहणीमान असतं.

थंडी भक्कम, उष्णता कच्ची

शारीरिक हालचाल आणि परिसर यांवर एनआरसीमध्ये वेगळं प्रकरण आहे. माझी खरी तक्रार तिथे सुरू होते. थंडीची बाजू भक्कम आहे, कारण त्यामागे प्रत्यक्ष मोजमाप आहे. १९६२ साली अलास्कातल्या हस्की आणि बीगल कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऋतूनुसार कुत्री किती खातात हे त्यात मोजलं होतं, आणि हिवाळ्यातलं खाणं उन्हाळ्यापेक्षा बरंच जास्त होतं. स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांवरही चांगलं काम झालेलं आहे. उष्ण हवेबद्दलचा मजकूर त्या मानाने तोकडा आहे. आणि 'उष्ण' हा एकच शब्द आपल्याकडे पुरत नाही.

दोन काल्पनिक दिवस घ्या. नागपूर, मे महिना, ४३ अंश, आर्द्रता २० टक्के. रत्नागिरी, त्याच महिन्यात, ३३ अंश, आर्द्रता ७५ टक्के. तापमान हा एकच चल घेतला तर रत्नागिरीचं कुत्रं मजेत असायला हवं. पण कुत्रं मुख्यतः धापा टाकून थंड होतं. तोंडाच्या आणि श्वासमार्गाच्या ओल्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. ही वाफ किती होईल, हे ओल्या पृष्ठभागावरच्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकावर ठरतं. पृष्ठभाग ३८.५ अंशांचा धरला तर तिथे सुमारे ६.८ किलोपास्कल. नागपूरच्या हवेत सुमारे १.७, रत्नागिरीच्या हवेत ३.८. म्हणजे नागपुरात फरक ५.१ आणि रत्नागिरीत ३.०. नागपुरात बाहेरून येणारी उष्णता भयंकर, पण घालवायचं यंत्र चालतं. रत्नागिरीत उष्णता कमी, पण यंत्रच मंदावतं. हे दोन वेगळे ताण आहेत. त्यांना 'उष्ण हवामान' अशा एकाच रकान्यात कोंबणाऱ्या प्रयोगाची रचनाच चुकली, असं मी म्हणेन.

इथेच आपल्या घरगुती सल्ल्याचीही परीक्षा घेऊ. 'अंडं, चिकन उष्ण पडतं, उन्हाळ्यात दहीभातच दे.' यात एक खरा धागा आहे. प्रथिनं पचवताना शरीरात जास्त उष्णता तयार होते, पिष्टमय पदार्थांत त्याहून कमी, चरबीत सगळ्यात कमी. पण किती जास्त? वरच्या ७२५ किलोकॅलरीवाल्या कुत्र्यात आहार बदलून ५ टक्क्यांचा फरक पडला असं उदार मनाने धरू. झाल्या ३६ किलोकॅलरी, त्याही २४ तासांत पसरलेल्या. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण ०.५८ किलोकॅलरी घेऊन जाते. म्हणजे सारा हिशोब सुमारे ६० मिलिलिटर पाण्याचा. अर्धी वाटीसुद्धा नाही! दुपारी बाराचं फिरणं टाळलं आणि पाण्याचं भांडं भरलेलं ठेवलं, तर याहून कितीतरी जास्त साधतं.

मांजर हे छोटं कुत्रं नाही

मांजराच्या बाबतीत दहीभात जास्त धोकादायक. मांजराला टॉरिन आहारातूनच लागतं. ते मांस-मासळीत असतं, भातात नसतं आणि दुधा-दह्यात नगण्य असतं. १९८७ साली 'सायन्स'मध्ये आलेला पायन आणि सहकाऱ्यांचा पेपर तुम्ही जरूर वाचा. बाजारातलं तयार खाद्य खाणाऱ्या मांजरांमध्ये हृदयाचे स्नायू निकामी होत होते आणि रक्तात टॉरिन कमी होतं. टॉरिन दिल्यावर हृदय सुधारलं. त्या खाद्यात टॉरिन नव्हतं का? होतं, आणि त्या काळी जेवढं पुरेसं मानत तेवढं होतं. आज अमेरिकी नियमावलीत डबाबंद ओल्या खाद्यासाठी टॉरिनची किमान पातळी कोरड्या खाद्याच्या दुप्पट आहे, कारण प्रक्रियेने शरीराला प्रत्यक्षात मिळणारं टॉरिन बदलतं. मानक पाळलं होतं, तरी मांजरं दगावत होती. कागदावरचं प्रमाण आणि पोटात पोचलेलं प्रमाण यांत फरक असतो, हे आजारी मांजरांनी शिकवलं.

पाण्याचंही तसंच. ४ किलोच्या सडपातळ मांजराला एनआरसीच्या सूत्राने (१०० × वजनाचा ०.६७ वा घात) सुमारे २५० किलोकॅलरी लागतात. कोरड्या खाद्यातून ती घेतली तर साधारण ७० ग्रॅम खाद्य, त्यात जेमतेम ७ मिलिलिटर पाणी. १०० ग्रॅमला ८५ किलोकॅलरीचं ओलं खाद्य दिलं तर साधारण ३०० ग्रॅम, त्यात सव्वादोनशे मिलिलिटरच्या वर पाणी. कोरडं खाणारं मांजर वरून पाणी पितं, पण हा फरक पूर्ण भरून काढत नाही. मग ओलंच द्यावं? थांबा. दमट हवेत ३२ अंशांना उघडं पडलेलं ओलं खाद्य दोन तासांत जिवाणूंचं जेवण होतं. शरीरशास्त्र एक सांगतं, हवा दुसरं. तडजोड म्हणजे थोडं थोडं, अनेकदा, आणि उरलेलं लगेच उचलणं.

पोळ्यांतून आलेलं विष

आता तो उरलेला अर्धा प्रश्न. कोरड्या खाद्यात साधारण १० टक्के ओलावा असतो. तेवढ्यात बुरशी वाढत नाही. पण बुरशीला किती टक्के पाणी आहे यापेक्षा किती पाणी मोकळं आहे याच्याशी मतलब असतो. उघडं खाद्य हळूहळू भोवतालच्या हवेशी जुळवून घेतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असेल तर काही दिवसांत खाद्यातलं मोकळं पाणीही त्याच पातळीकडे सरकतं. अस्परजिलस फ्लेवस या बुरशीला वाढायला साधारण ८० टक्क्यांच्या वरची पातळी लागते. कोकणातला जुलै म्हणजे तिच्यासाठी पाहुणचारच. ती अफ्लाटॉक्सिन तयार करते, यकृताचं विष. ते शिजवून जात नाही, आणि कुत्रं त्याला फार संवेदनशील आहे.

याचा आपल्या जवळचा पुरावा पाळीव प्राण्यांच्या पोषणाच्या पुस्तकांत शोधलात तर सहज हाती लागणार नाही. तो माणसांच्या वैद्यकात आहे. १९७४ च्या शेवटी राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या भागांतल्या २०० हून अधिक गावांत काविळीची साथ आली. पोटात पाणी होऊन शंभराहून अधिक माणसं गेली. अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका हे कारण निघालं. खाणारी बहुतेक गरीब आदिवासी कुटुंबं, त्यांच्याकडे दुसरं धान्य नव्हतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे मांडलं. आणि त्या गावांतल्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता. घरात जे शिजलं, त्याचाच तुकडा त्यांच्या वाट्याला येत होता.

हे जुनं झालं असं वाटत असेल, तर २०२०-२१ च्या हिवाळ्यात अमेरिकेत अफ्लाटॉक्सिन असलेल्या कोरड्या खाद्याने शंभराहून अधिक कुत्री दगावली. ती गोणी घरात येण्याआधीच दूषित होती. म्हणून 'डबा घट्ट लावा' हा सल्ला बरोबर असला तरी अपुरा आहे. आपल्याकडे दुकानात गोणी उघडून खाद्य किलोवर सुटं विकतात. त्यावर ना उत्पादनाची तारीख, ना बॅच क्रमांक. उद्या एखादी बॅच परत मागवली गेली, तरी सुटं घेणाऱ्याला कळायचा मार्गच नाही.

मग संशोधनाचा विषय कुठे आहे?

'उन्हाळ्यात कुत्री कमी खातात' हे सगळे सांगतात. कारण उष्णता, की फिरणं कमी झाल्यामुळे घटलेली गरज? की पावसाळ्याआधीच खवट झालेली चरबी? हे तीन घटक वेगळे करायचे तर रोज दिलेलं आणि उरलेलं अन्न वजन करून लिहा, आठवड्याला प्राण्याचं वजन घ्या, शरीराची ठेवण नऊ पायऱ्यांच्या मापावर नोंदवा, खोलीतलं तापमान आणि आर्द्रता दोन्ही मोजा, आणि खाद्याचा नमुना गोणी उघडल्याच्या दिवशी आणि महिन्यानंतर तपासा. एक तराजू, एक आर्द्रतामापक आणि तपासणीसाठी एक प्रयोगशाळा. पदव्युत्तर प्रकल्पात बसेल असं काम आहे.

तोवर घरी काय करायचं? ९५ चा गुणक धरून सुरुवात करा आणि प्राण्याच्या फासळ्या हाताला लागतात का ते बघून प्रमाण बदला. छोटी, बंद पिशवी घ्या आणि खाद्य पिशवीसकटच डब्यात ठेवा, म्हणजे बॅच क्रमांक राहतो. पावसाळ्यात महिनाभरात संपेल एवढंच आणा. वास बदलला तर फेकून द्या, रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही घालू नका. बांसवाड्यातल्या कुत्र्यांनाही कोणी मुद्दाम वाईट खायला घातलं नव्हतं.