ऐकणाऱ्याचे शिक्षण : एक चिकित्सा

'समुपदेशक' या आपल्या मराठी शब्दाच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे, आणि तो मला सतत खटकत आला आहे. दलित समाजाला उपदेशाची वाण कधीच पडली नाही. स्वच्छ राहा, नीट बोला, दारू सोडा, झाले गेले विसरा, मन मोठे करा, असे सांगणारे गावोगाव होते. नव्हता तो ऐकून घेणारा. अमेरिकेत मानसिक आरोग्याचा समुपदेशक ज्या पदव्युत्तर शिक्षणातून घडतो, तेथे मात्र विद्यार्थ्याला आरंभीच उलटा धडा मिळतो : सल्ला देऊ नकोस, आधी ऐक. या शिक्षणाचे वाङ्मय, म्हणजे त्याची क्रमिक पुस्तके, आदर्श चित्रफिती, रुग्णांची 'प्रकरणे' आणि नीतिसंहिता, मी साहित्याचा एक वाचक म्हणून तपासले. ही चिकित्सा या पृष्ठांवर कशासाठी, असे कोणी विचारील. दुःखाचे कथन हा दलित साहित्याचा गाभा आहे आणि या वाङ्मयाचाही तोच विषय आहे. शिवाय आपली काही मुलेमुली आज या व्यवसायात शिरत आहेत. त्यांच्या हाती कोणते हत्यार दिले जाते, हे आपण पाहिले पाहिजे.

प्रथम या शिक्षणाचे श्रेय त्याला देऊ. अमेरिकेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात किमान ६० श्रेयांक पुरे करावे लागतात. त्यात १०० तासांचा प्राथमिक सराव असतो आणि त्यानंतर ६०० तासांची उमेदवारी. या ७०० तासांपैकी २८० तास प्रत्यक्ष माणसांसमोर बसून काढावे लागतात. पदवीनंतरही परवान्यासाठी देखरेखीखाली काम करावे लागते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया या राज्यांत ते ३००० तासांचे आहे. विद्यार्थ्याचे संभाषण ध्वनिमुद्रित होते. मग ते मार्गदर्शकासमोर ऐकायचे : येथे तू माणसाला मध्येच तोडलेस, येथे त्याच्या रडण्याला घाबरून विषय बदललास. स्वतःच्या ऐकण्याची अशी झडती घेण्याची प्रथा आपल्याकडे शिक्षकांत नाही, पुढाऱ्यांत नाही आणि समीक्षकांत तर नाहीच नाही. ज्यांचे बोलणे पिढ्यानपिढ्या दाराबाहेर उभे राहिले, त्यांनी या शिस्तीची किंमत कमी लेखू नये.

परंतु ऐकण्याचा नमुना म्हणून विद्यार्थ्यापुढे काय ठेवले जाते? १९६५ सालची एक चित्रफीत या क्षेत्रात अभिजात मानली जाते. ग्लोरिया नावाची एक घटस्फोटित गोरी तरुणी कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि आल्बर्ट एलिस या तिघांना एकामागून एक भेटते. रॉजर्स यांच्यापुढे ती आपला पेच मांडते : घटस्फोटानंतरच्या पुरुषसंबंधांविषयी लहान मुलीने विचारले, आणि आपण तिच्याशी खोटे बोललो. रॉजर्स निवाडा देत नाहीत. तिला तिच्याच शब्दांपर्यंत नेतात. हे काम हळुवार आहे, सच्चे आहे. पण साहित्याच्या वाचकाला रंगमंच दिसल्याशिवाय राहत नाही. खोली आहे आणि खुर्च्या आहेत. खोलीबाहेर मालक नाही, घरभाडे नाही, पोलीस नाही, वस्ती नाही. पेच आहे तो एका व्यक्तीचा तिच्या सदसद्विवेकाशी. हा पेच खोटा नाही, पण तो माणसाच्या दुःखाचा एकच प्रकार आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी तो दुःखाचा मूळ नमुना म्हणून गिरवला. ज्याचे दुःख बाहेरून आत आले आहे, तो त्या खोलीत बसला तर काय होते?

याचे उत्तर त्याच रॉजर्स यांच्या १९७७ सालच्या चित्रफितीत सापडते. समोर रक्ताच्या कर्करोगातून सावरत असलेला एक कृष्णवर्णीय तरुण आहे. आपण दुखावलो आहोत, हे तो सांगतो. त्याचा राग मोकळा व्हावा म्हणून रॉजर्स पुनःपुन्हा प्रयत्न करतात. तरुण मात्र राग जपून वापरतो. हे पाहताना मला त्या तरुणाचे मौन रॉजर्स यांच्या बोलण्यापेक्षा बोलके वाटते. गोऱ्या माणसासमोर रागावणे काळ्या माणसाला किती महाग पडते, हे त्या देशाचा इतिहास जाणतो. रॉजर्स तो राग माणसाच्या छातीत कोंडलेली वाफ समजतात. तो तरुण त्याला बहुधा जिवावर बेतणारी वस्तू समजत असावा. रॉय मूडली, कॉलिन लागो आणि अनिसा तलाहिते यांनी २००४ साली या चित्रफितीवर एक संपूर्ण ग्रंथच संपादित केला, आणि वंशाचा प्रश्न तेथे कसा हाताळला गेला, याची चर्चा घडवली. थोर माणसाच्या थोर कामाची अशी उलटतपासणी होऊ शकते, ही त्या ज्ञानक्षेत्राच्या प्रकृतीची चांगली खूण आहे.

ही उलटतपासणी कोणाच्या औदार्यातून आली नाही. सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टराने १८५१ साली गुलामांच्या पळून जाण्यालाच एक मनोविकार ठरवून त्याला नाव दिले होते. बेडी तोडणारा वेडा आणि बेडी घालणारा शहाणा! अशा वारशाशी झगडत १९६८ साली कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी आपली स्वतंत्र संघटना उभी केली. १९९२ साली डेराल्ड विंग स्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुपदेशकाने स्वतःचे पूर्वग्रह ओळखावेत, समोरच्याची जगदृष्टी समजून घ्यावी, अशी सांस्कृतिक क्षमतेची मानके मांडली. २००७ साली डे-व्हाइन्स यांच्या लेखाने आणखी एक पाऊल टाकले : वंश आणि संस्कृतीचा विषय समोरच्याने काढण्याची वाट समुपदेशकाने पाहू नये, तो आपणहून काढावा. सत्ता ज्याच्याकडे अधिक, बोलण्याची जोखीम त्याने आधी घ्यावी, हे यातले नैतिक सूत्र मला मोलाचे वाटते.

पण हे सूत्र जातीला जसेच्या तसे लावता येईल काय? माझ्या मते नाही, आणि या अभ्यासक्रमाची मर्यादा येथेच उघडी पडते. वंश पुष्कळदा डोळ्यांना दिसतो. जात विचारून काढली जाते. 'आडनाव काय?', 'मूळ गाव कोणते?', 'गावात घर कोणत्या बाजूला?' हे आपल्याकडे साधे प्रश्न नाहीत, त्या चौकशीच्या चौक्या आहेत. ज्याने परमुलखात आडनाव झाकून खोली मिळवली, त्याला समुपदेशकाने सद्भावनेने जात विचारली तरी जुनीच चौकी पुन्हा समोर उभी राहते. आणि विचारलेच नाही, तर त्याचे अर्धे दुःख खोलीबाहेर राहते. समोरचा समुपदेशक भारतीय आणि सवर्ण असेल, तर पेच आणखी वाढतो. 'आपल्या संस्कृतीचा माणूस' म्हणून विद्यापीठ ज्याला अधिक योग्य समजते, त्याच्याचसमोर तोंड शिवले जाण्याचा संभव अधिक. 'संस्कृती' हा शब्द त्या पुस्तकांत नेहमी माणसाचे घर म्हणून येतो. आमच्यासाठी तीच संस्कृती पुष्कळदा गावकुसाची भिंत असते.

हा प्रश्न अमेरिकेला आता परका राहिलेला नाही. सिएटल शहराने २०२३ साली जातिभेदाला कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक राज्यपालांनी नाकारले. अमेरिकी समुपदेशक संघटनेच्या २०१४ च्या नीतिसंहितेतील भेदभावविरोधी कलमात वंश आहे, धर्म आहे, भाषा आहे, स्थलांतरिताचा दर्जा आहे, पण 'जात' हा शब्द नाही. उलट भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात जातीवरून उपचारात भेद करू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. समाजाच्या रूढ मूल्यांशी जुळत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवू नये, असेही तो कायदा म्हणतो. म्हणजे एकीकडे ऐकण्याची शिस्त आहे, पण त्या शिस्तीच्या संहितेत जातीचा शब्द नाही. दुसरीकडे कायद्यात शब्द आहे, पण कायदा लिहून कान तयार होत नाही. रोहित वेमुला गेला तो २०१६ साली, डॉ. पायल तडवी गेली ती २०१९ साली. अशा प्रत्येक मृत्यूनंतर 'विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक नेमा' ही मागणी पुढे येते. तो समुपदेशक काय ऐकायला शिकला आहे, हे कोणी विचारत नाही. जातीच्या छळाला 'ताण' म्हणायचे आणि छळलेल्याला श्वासाचे व्यायाम शिकवायचे, एवढेच तो शिकला असेल, तर तो व्यवस्थेचाच कारकून ठरेल.

आता वाङ्मयप्रकाराकडे वळतो. या शिक्षणात माणूस 'प्रकरण' होऊन येतो : वय, लिंग, तक्रार, इतिहास, निदान, उपाययोजना. निवेदक नेहमी दुसरा असतो. शेवटचा शब्द त्याचा असतो. याच्या शेजारी दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) ठेवून पाहा. तेथे दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतो, आणि दोघे एकच माणूस आहेत. विश्वासाने ऐकणारा बाहेर कोणी नव्हता, म्हणून लेखकाला स्वतःचे दोन करावे लागले, असे मी त्या रचनेकडे पाहतो. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये तर 'मी'पेक्षा 'आम्ही' मोठा आहे. तेथील दुःख एका छातीत मावणारे नाही, म्हणून ते एका माणसाच्या प्रकरणातही मावणार नाही. आपली आत्मकथने समुपदेशनाच्या वर्गात आणायची ती आणखी एका जमातीची रुग्णपत्रके म्हणून नव्हेत. 'प्रकरण' या प्रकारावरील टीका म्हणून ती तेथे वाचली गेली पाहिजेत.

शेवटी पैशाची गोष्ट. उमेदवारीचे ते ६०० तास अनेक ठिकाणी बिनपगारी असतात. ज्याच्या घरी दोन वर्षांची भाकरी साठवलेली आहे, तोच ऐकणारा होऊ शकतो, असा त्याचा व्यवहारी अर्थ. मग ऐकणारे एका वर्गातून येतात आणि बोलणारे दुसऱ्या वर्गातून, यात नवल ते काय?

म्हणून माझे म्हणणे या शिक्षणाकडे पाठ फिरवावी असे नाही. आपल्या मुलामुलींनी ते ७०० तास अवश्य घ्यावेत, आणि त्यांच्या उमेदवारीला वेतन मिळावे म्हणून आपण भांडावे. ग्लोरियाची चित्रफीत त्यांनी जरूर पाहावी, पण त्या खोलीला खिडकी नाही हेही पाहावे. नीतिसंहितेत जातीचा शब्द नसेल तर तो मागावा. आणि उद्या कोणी आडनाव झाकलेला माणूस समोर येऊन बसला, तर त्याची जात विचारण्याआधी स्वतःची सांगावी. चौकीवरच्या माणसाने आधी आपली ओळख द्यायची, हा नियम आजवर कोणी पाळलेला नाही. तो आपल्या मुलांनी सुरू करावा.