सत्तावीस तासांचा दिवस

आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी ‘प्लेपंप’ नावाची एक युक्ती निघाली. मुलांनी गोल चक्रावर बसून खेळायचे आणि त्या फिरण्याने जमिनीखालचे पाणी टाकीत चढायचे. २०१०पर्यंत असे ४,००० पंप बसवण्याची मोहीम २००६ साली जाहीर झाली. कल्पना मोठी मोहक, पण हिशोब?

एक पंप २,५०० माणसांना पुरेल, असे सांगितले जाई. माणशी रोज निदान १५ लिटर धरले, तर ३७,५०० लिटर पाणी हवे. चक्र जोरात फिरले, तर तासाला १,४०० लिटर मिळणार. म्हणजे मुलांनी रोज जवळजवळ २७ तास खेळायला हवे! २००९ साली लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये हे गणित छापून आले. तोवर अनेक गावांत मुले नसताना बायकाच ते जड चक्र ढकलत होत्या. त्यांना साधा हातपंप अधिक सोयीचा होता.

यात लागला तो प्राथमिक शाळेतला गुणाकार-भागाकार. पण वर्गात उत्तर आले की आपण ‘बरोबर’ची खूण करून पुढे जातो. ‘असे घडू शकेल का?’ हे विचारायचे राहून जाते. तो प्रश्न मुलांना आधी आपणच विचारायला हवा.